हात बधिर आहे तोवरच गोळी घ्यायची: खांद्याच्या ऑपरेशनसाठीचा नर्व्ह ब्लॉक

रात्री अडीचला फोन वाजला. "मॅडम, आईचं काल सकाळी खांद्याचं ऑपरेशन झालं ना, ती रडतेय. रात्री दहापर्यंत एकदम छान होती. जेवली, टीव्ही बघितला, हात माझा नाहीच असं वाटतंय म्हणत होती. आता अचानक काय झालं?" मी विचारलं, रात्रीच्या गोळ्या दिल्या का? पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "दुखतच नव्हतं हो. म्हटलं, उगाच कशाला पोटात गोळ्या."

मी भूल देणारी डॉक्टर आहे आणि हा फोन मला वर्षानुवर्षं येतो आहे. माणसं बदलतात, वाक्य तेच असतं. त्या मुलाची यात चूक नाही. ऑपरेशनच्या सकाळी पेशंट उपाशी असतो, नातेवाईक सह्या करण्यात आणि पैसे भरण्यात अडकलेले असतात. तेव्हा घाईघाईने सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून आज निवांत सांगते. काकूंच्या मानेत मी जे इंजेक्शन दिलं ते काय होतं, त्याने हात कसा झोपला आणि तो जागा होताना इतका ठणकला का.

खांद्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं वाईट असतं, हे आधी मान्य करू. दुर्बिणीतून केलं, बाहेरून तीन-चार टाकेच दिसतात, म्हणून घरच्यांना ते किरकोळ वाटतं. आत मात्र बरंच काम झालेलं असतं. फाटलेला स्नायूबंध हाडाला परत जोडायचा तर हाडात भोकं पाडून बारीक स्क्रू बसवतात आणि त्यातल्या दोऱ्यांनी तो ओढून शिवतात. आखडलेला खांदा मोकळा करायचा तर सांध्याभोवतीची जाड झालेली पिशवी कापतात. ही पिशवी आणि हाडावरचं पातळ आवरण, दोन्हीकडे दुखणं कळवणाऱ्या नसा भरपूर. त्यात पाय दुखत असला तर तो उशीवर ठेवून पडून राहता येतं, खांद्याला तशी सोय नाही. खोकला आला, कूस बदलली, नुसतं उठून बसलं तरी तो हलतो.

हे दुखणं मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल अशा औषधांनी दाबता येतं, नाही असं नाही. पण ती औषधं मेंदूपर्यंत जाऊन काम करतात. दुखणं कमी होतं आणि त्याबरोबर मळमळ, उलट्या, गुंगी, खाज, बद्धकोष्ठ हेही येतं. वयस्कर माणूस असला तर रात्री भ्रमात बडबडतो आणि घरचे घाबरतात. एका खांद्यासाठी सगळ्या शरीराला औषध पाजण्यापेक्षा खांद्याची बातमी मेंदूकडे नेणारी वाटच काही तास बंद केली तर? नर्व्ह ब्लॉक म्हणजे एवढंच.

इथे एका शब्दापाशी थांबावं लागेल. आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. सलाईन लावायला नस सापडत नाही म्हणतो, ती रक्तवाहिनी. पोटरीची नस चढली म्हणतो, तो स्नायू. आणि मणक्यात नस दबली म्हणतो, ती खरी मज्जातंतूची नस. म्हणून 'मानेतल्या नसेला इंजेक्शन देणार' म्हटलं की समोरचा माणूस दचकतो. नर्व्ह ब्लॉक या तिसऱ्या नसेचा असतो. आणि औषध नसेच्या आत टोचायचं नसतंच, ते नसेच्या भोवती सोडायचं असतं. सुई नसेत जाऊ नये यासाठीच आमची सगळी धडपड असते.

आता ही नस कुठून येते ते बघू. खांद्याला आणि हाताला जाणाऱ्या नसा मानेतून निघतात. मुळं पाच: मानेतली खालची चार आणि छातीच्या पहिल्या मणक्याखालून येणारं एक. वेणीचे पेड एकमेकांत गुंफावेत तशी ही मुळं मानेपासून काखेपर्यंत जोडली जातात, फुटतात, पुन्हा जोडली जातात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्यातल्या वरच्या दोन मुळांवर, म्हणजे मानेत वरून मोजत आल्यावर पाचव्या आणि सहाव्यावर, खांद्याचा बहुतेक भार असतो. खालच्या दोघांकडे करंगळी आणि हाताची आतली बाजू. म्हणूनच ब्लॉक उत्तम लागला तरी कधी कधी पेशंट करंगळी हलवून दाखवतो आणि विचारतो, "भूल नीट चढली नाही का?" चढली आहे. करंगळीचं काम आज नव्हतंच.

पाच मुळं मानेतून बाहेर पडतात ती दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून. या स्नायूंचं नाव स्केलीन, म्हणून त्या फटीत औषध सोडण्याला इंटरस्केलीन ब्लॉक म्हणतात. ही पद्धत १९७० साली अमेरिकेतल्या अलोन विनी या भूलतज्ज्ञांनी मांडली. तेव्हा बोटाने फट चाचपायची, सुई घालायची आणि पेशंटच्या हातात विजेचा झटका बसल्यासारखी सणक गेली की औषध सोडायचं. पुढे नसेला बारीक विद्युतप्रवाह देऊन स्नायू उडतो का ते बघणारं यंत्र आलं. आणि १९९४ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हाताच्या याच जाळ्याचा ब्लॉक सोनोग्राफीवर बघत दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच व्हिएन्नात १८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं होतं, तिथून ही विद्या सुरू झाली. लगेच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी हाताच्या नसांना कोकेन देऊन बघितलं. स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग करता करता त्यांना कोकेनचं व्यसन लागलं. १९११ साली जर्मनीत कुलेनकाम्फ यांनी गळ्याच्या हाडावरून हा ब्लॉक पहिल्यांदा दिला तोही स्वतःला. आज काकूंना मी पाच-सात मिनिटांत जे देते त्याच्यामागे इतक्या जणांनी आपलं अंग वापरलेलं आहे.

प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण भीती वाटते ती न बघितलेल्या गोष्टीची. काकूंना सलाईन लावलेलं, छातीवर ईसीजीच्या तारा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. डोकं दुसऱ्या बाजूला वळवलेलं. कुठला खांदा, हे मी त्यांनाच विचारते, सर्जनने पेनाने केलेली खूण बघते आणि सुई हातात घेतल्यावर सिस्टरसमोर पुन्हा एकदा मोठ्याने म्हणते, "उजवा." चुकीच्या बाजूला ब्लॉक दिला जाण्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत, म्हणून हा क्षणभराचा थांबा मी कधीही चुकवत नाही. मानेवर गार औषध लावून पुसून घेते, जेली लावते, सोनोग्राफीचा चपटा प्रोब टेकवते.

पडद्यावर आधी धडधडणारी गळ्याची रोहिणी दिसते. तिथून बाहेरच्या बाजूला सरकलं की दोन करडे स्नायू आणि त्यांच्या फटीत एकाखाली एक तीन काळे गोल, रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे असावेत तसे. त्याच नसा. कातडीत थोडं बधिर करणारं औषध देऊन मग बारीक सुई एका बाजूने आत जाते, तिचं टोक पूर्णवेळ पडद्यावर दिसत राहतं. औषध थोडं थोडं सोडायचं, मध्ये मध्ये मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. काळं पाणी पसरतं आणि ते गोल त्यात सुटे होऊन तरंगायला लागतात. इतकी वर्षं झाली, तरी ते चित्र दिसलं की मला बरं वाटतं. एकूण औषध साधारण १० ते २० मिली. काकूंना या सगळ्यात पहिली टोच आणि मग मानेत थोडा दाब, एवढंच कळतं. हातात जोरात सणक गेली तर मात्र लगेच सांगायचं. मग मी सुई मागे घेते.

(ही सोनोग्राफी पोट बघणाऱ्या सोनोग्राफीचीच बहीण. त्यामुळे आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमधल्या या मशीनचीही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि ते मनाला येईल तिथे उचलून नेता येत नाही. लहान गावात ब्लॉक अजून कमी दिले जातात, त्याला हेही एक कारण आहे. कायदा हवाच, पण ही अडचणही खरी आहे.)

औषध कोणतं? बहुतेक वेळा ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेन. दात काढताना हिरडीत देतात त्या लिग्नोकेनच्या घराण्यातलीच, पण जास्त वेळ टिकणारी. नसेतून निरोप जातो तो विजेच्या लाटेसारखा, आणि ती लाट पुढे सरकते नसेच्या आवरणातल्या बारीक दारांमधून सोडियम आत शिरल्यामुळे. हे औषध त्या दारांना आतून अडसर घालतं. दार बंद, सोडियम अडला, निरोप थांबला. खांदा तिकडे ओरडतच असतो, पण मेंदूला ऐकू जात नाही. वीस-तीस मिनिटांत दंड जड होतो, मुंग्या येतात, हात उचलायला सांगितलं तर उचलत नाही. दुखणं नेणाऱ्या आणि हालचाल करवणाऱ्या तारा एकाच जुडीत असल्यामुळे दोन्ही झोपतात. हात लुळा पडला म्हणून रडू येणारे पेशंट मी बघितले आहेत. त्यांना आधी नीट सांगितलं असेल तर रडू येत नाही.

मग ब्लॉक दिला तरी पूर्ण भूल कशाला, असं बरेच जण विचारतात. नुसत्या ब्लॉकवर हे ऑपरेशन करता येतं, काही ठिकाणी करतातही. पण पेशंटला आरामखुर्चीत टेकवल्यासारखं बसवून, तोंडाच्या अगदी जवळ, कापडाखाली तास-दीड तास काम चालतं. हात ओढला जातो, ड्रिलचा आवाज येतो. शिवाय काखेकडच्या कातडीची नस या जाळ्यातून येतच नाही. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही देतात. ब्लॉक असल्यामुळे पूर्ण भुलीची औषधं कमी लागतात आणि जाग येते ती न कण्हता.

आता श्वासाचा भाग. तो मी प्रत्येक पेशंटला सांगते, जरा वेळ लागला तरी. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, डायफ्रॅम, हा आपल्या श्वासाचा मुख्य स्नायू. त्याला चालवणारी नस पोटातून किंवा छातीतून न येता मानेतून येते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळापासून. आणि खाली उतरताना ती नेमकी त्या पुढच्या स्केलीन स्नायूच्या अंगावरूनच जाते. म्हणजे मी ज्या फटीत औषध सोडते तिच्या शेजारीच तिचं घर. नेहमीच्या मात्रेत इंटरस्केलीन ब्लॉक दिला तर त्या बाजूचा अर्धा पडदा जवळजवळ प्रत्येक वेळी काही तास झोपतो. ब्लॉक चुकला म्हणून हे होत नाही, तो जिथे दिला जातो त्या जागेचाच हा परिणाम आहे. हवा भरून घेण्याची ताकद साधारण पाव हिश्श्याने कमी होते. धडधाकट माणसाला ते कळतही नाही, फार तर 'मोठा श्वास पुरा होत नाहीये' असं वाटतं. बसवलं, डोकं उंच केलं की बरं वाटतं. औषध उतरलं की पडदा पुन्हा हलायला लागतो.

पण ज्याच्या फुप्फुसांत मुळात शिल्लकच कमी आहे त्याला हा पाव हिस्सा परवडत नाही. म्हणून मी विचारते: दमा आहे का, बिडी-सिगारेट किती वर्षं, जिना चढताना थांबावं लागतं का, टीबी होऊन गेलाय का, छातीचं काही ऑपरेशन झालंय का, वजन किती, झोपेत घोरताना श्वास अडकतो का. कृपा करून यातलं काही लपवू नका. "सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल" या धास्तीने चाळीस वर्षांची बिडी लपवलेले आजोबा मला भेटले आहेत. रद्द होत नाही, पद्धत बदलते. औषध कमी मात्रेत देता येतं. जाळ्यात जरा खाली, वरची दोन मुळं एकत्र येतात तिथेच औषध देता येतं. किंवा मान सोडून खांद्याच्या पाठीमागच्या आणि काखेजवळच्या दोन नसा वेगवेगळ्या बधिर करता येतात. त्याने दुखणं पूर्ण जात नाही, पण पडदा जागा राहतो. आणि दोन्ही खांद्यांना एकाच वेळी इंटरस्केलीन ब्लॉक देत नाहीत तेही याच पडद्यामुळे.

शेजारच्या आणखी दोन नसांपर्यंत औषध झिरपलं तर जे दिसतं त्याने नातेवाईक हमखास घाबरतात. त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, डोळा लालसर दिसतो. कधी आवाज घोगरा होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पक्षाघाताचा झटका आला. ब्लॉकच्याच बाजूला, पहिल्या काही तासांत आणि हे एवढंच असेल तर ते औषध उतरण्याबरोबर जातं. मात्र तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळतंय, दुसऱ्या बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटतोय, तर ते ब्लॉकचं नव्हे. लगेच कळवा.

धोक्यांबद्दल. काही दिवस किंवा आठवडे बोटांत मुंग्या राहणं, एखादा भाग बधिर वाटणं हे काही जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. नसेला कायमची इजा दहा हजारांत दोन ते चार जणांना होते, असं मोठ्या पाहण्यांमधून साधारण दिसतं. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, मग झटके आणि हृदयाचा ठोका बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. हे क्वचित होतं, पण होऊ शकतं म्हणून खोलीत एक पांढरी, दुधासारखी बाटली ठेवलेली असते. तोंडाने खाऊ न शकणाऱ्या पेशंटला शिरेतून देतात तेच स्निग्ध द्रव, सोयाबीनच्या तेलापासून केलेलं. ब्युपिवाकेनच्या विषबाधेवर ते काम करतं हे १९९८ साली गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं आणि २००६ साली ते माणसाचा जीव वाचवायला वापरल्याची पहिली नोंद झाली. ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरला ही बाटली आहे का असं विचारलंत तर राग येऊ नये. मला तरी येत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आता त्या रात्रीकडे येते. ब्लॉक साधारण ८ ते १६ तास टिकतो. त्यासोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर आणखी काही तास मिळतात. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक म्हणजे संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत केव्हाही उतरणार, आणि बहुधा सगळे झोपलेले असताना. तो दिव्याचं बटण दाबल्यासारखा एका क्षणात जात नाही, पण फार सावकाशही जात नाही. आधी मुंग्या, मग बोटं हलतात, आणि त्यानंतर तासा-दोन तासांत आतला सगळा ठणका एकदम पोचतो. सकाळपासून ज्याला काहीच कळलं नव्हतं त्याला तो दुप्पट वाटतो. यावेळी गोळी घेतली तर ती पोटातून रक्तात जाऊन काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास घेते, आणि दुखणं एकदा पेटलं की तेवढी गोळी पुरतही नाही. म्हणून गोळ्या दुखण्याची वाट बघून घ्यायच्या नाहीत, घड्याळ बघून घ्यायच्या. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, सर्जनने सूज उतरवणारी गोळी लिहून दिली असेल तर तीही जेवणानंतर ठरलेल्या वेळी, आणि जास्तीच्या दुखण्यासाठी दिलेली जोरदार गोळी पहिल्या मुंग्या आल्या की. झोपण्यापूर्वीची मात्रा हात मेल्यासारखा असला तरी घ्यायचीच. किडनीचा त्रास, अल्सर, ॲस्पिरिनने दमा उठणं यातलं काही असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळीबद्दल आधी विचारा. काही ठिकाणी मानेतल्या त्या फटीत बारीक नळी ठेवून छोट्या फुग्यासारख्या पंपातून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवतात. दुखणं खूप अपेक्षित असेल तर तो चांगला उपाय आहे, पण नळीची निगा राखणारं माणूस हवं.

आणि एक गोष्ट आपल्या घरांत फार होते: शेक. काही दुखलं की गरम पाण्याची पिशवी. बधिर हाताला चटका बसला तरी कळत नाही, आणि सकाळी फोड दिसतात. ब्लॉक पूर्ण उतरेपर्यंत त्या हाताला शेक नाही, त्या हातात चहाचा कप नाही, गॅसजवळ जाणं नाही. बर्फही कापडात गुंडाळून, थोडाच वेळ. झोळी काढायची नाही, कारण तो हात निसटला तर खांद्याला झटका बसतो आणि कोपर दारावर आपटलं तरी समजत नाही. गाडी अर्थातच नाही. झोपायचं ते पाठीला तीन-चार उशा लावून, अर्धवट बसून, कोपराखाली एक उशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही, म्हणजे चोवीस तास उलटून बऱ्यापैकी वेळ गेला तरी, बधिरपणा उतरायचं नाव घेत नसेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल, बोटं निळी किंवा गार पडत असतील, तर फोन करा. रात्री अडीचलाही करा.

त्या काकूंना मुलाने माझ्या सांगण्यावरून लिहून दिलेल्या गोळ्या दिल्या, उशा लावून बसवलं, खांद्याला कापडातला बर्फ ठेवला. चारच्या सुमारास त्याचा मेसेज आला: झोपली. तेव्हापासून मी एक करते. वॉर्डमध्ये चिकटपट्टीचा एक तुकडा घेते, त्यावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिते, 'रात्री ८: गोळी. दुखो न दुखो', आणि तो पेशंटच्या झोळीवर, घरच्यांना समोर दिसेल असा चिकटवते.